मनू, गाडीत वेळ मिळाला की वाच

मनू बेटा,

अकोला सोडलं असेल आत्ता. ॲपवर बघतोय, गाडी लेट दाखवतंय, म्हणजे तुमच्या राष्ट्रीय खो-खोसाठी रायपूरला उतरायला तुम्हाला रात्रच होणार. माझा फोन कट करतेस आणि आईचा पहिल्या रिंगला उचलतेस हे कळतं बरं का मला, म्हणून टाइप करत बसलोय. दुपारी दुकानात तसंही कोण येतंय, बडोद्याचं कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं तेव्हापासून जुन्या न्यायमंदिराच्या बाजूला ॲफिडेव्हिट टाइप करायला माणूस यावा कशाला, आज आपलं थोडं लॅमिनेशन आणि आधार कार्डच्या झेरॉक्स, बस. बोटांना सवय आहे तेव्हा हे लांबणार. एकदम नको वाचूस, थोडं थोडं वाच.

पहिलं सांगून टाकतो, यात मी गुडघ्याबद्दल काही लिहिणार नाहीये. आईला तसं कबूल केलंय.

फक्त स्टेशनवरचं तेवढं बोलतो. मध्यरात्रीची वेळ, सगळ्यांचे आईबाप आलेले, कोणी चार्जरबद्दल विचारतंय कोणी थेपल्यांचा डबा कोणत्या बॅगेत ते सांगतंय, मी कोच मॅडमना विचारलं की हिचा उजवा गुडघा जरा बघाल ना. तू तोंड फिरवलंस ते गाडी हलेपर्यंत. तुझं म्हणणं आईकडून कळलं, की आता मॅडमना कळलं, आता मला बसवून ठेवतील, मैदानात नऊच जणी उतरतात आणि ज्यांना घ्यायचं नाही त्यांच्यासाठी कारणच हवं असतं. असेल. पण मनू, ज्या बाईच्या भरवशावर मी माझी पोरगी हजार किलोमीटर पाठवतोय तिला हे माहीत नसावं असं मला नाही पटत. लाज वाटली तर वाटू दे. मी परत विचारलं असतं.

आता मुद्द्याचं. सकाळी शाळेत गेलो होतो, तुझा बोर्डाच्या फॉर्मचा काहीतरी कागद राहिला होता म्हणून मोठ्या बेननी, मुख्याध्यापिकांनी, बोलावलेलं. प्रार्थनेची वेळ होती. तुझं नाव घेतलं त्यांनी, शालेय राष्ट्रीय स्पर्धेला जाणारी आपल्या शाळेतली पहिली मुलगी म्हणून, आणि सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, ते सहावीतले वांड तर थांबेचनात. बाहेर फळ्यावर पण रंगीत खडूनं लिहिलंय, खाली खो-खोचं चित्र काढलंय, त्यात बसलेल्या सगळ्या मुली एकाच बाजूला तोंड करून बसल्यात, असो, ड्रॉइंगच्या सरांना कोण सांगणार. आणि आपलं आडनाव चुकलंय. बडोद्यात आपली तिसरी पिढी, शाळा आपल्या घरामागची, तरी आडनाव चुकतंच. मी दुरुस्त नाही केलं. फोटो काढलाय, आजीला दाखवला, ती म्हणाली मुलगी बरोबर आहे ना, मग झालं.

तेवढ्यात मधल्या अंगणात गेलो. कोणी नव्हतं. तुला म्हणून सांगतो, मी तिथे बराच वेळ उभा होतो. नियमात मैदान 27 मीटर बाय 16, आणि आपल्याकडे एका बाजूला पाण्याची खोली, दुसऱ्या बाजूला सायकल स्टँड, 27 मीटर येणार कुठून. खो-खोच्या सरांनी तरी बसवलं. चौकोन जवळ जवळ आखले, खांब म्हणजे जुना लोखंडी पाइप, आत सिमेंट भरलेलं आणि वरून सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती ट्यूब तुमच्या हातांनी एका उंचीवर घासून गुळगुळीत झालीय, बाकी ठिकाणी अजून खरखरीत आहे, मी हात लावून बघितला. आणि पाण्याच्या खोलीकडच्या खांबामागे भिंत, हात पसरला तर टेकेल इतकी जवळ. दुसऱ्या शाळेच्या मुली खांब ओलांडून दोन पावलं पुढे जातात आणि मग वळतात. तुम्हाला ती दोन पावलं कधी मिळालीच नाहीत. तुम्ही खांब धरून, अंग आत टाकून, एका पायावर गरकन फिरता.

जिल्ह्याच्या फायनलला त्या मोठ्या शाळेचे सर मोबाइलवर तुमचं हे वळण शूट करत होते, मी त्यांच्या मागेच उभा होतो. त्यांची मुलगी हिशोबानं पळत होती, तिला वाटायचं अजून दोन पावलं आहेत आणि तेवढ्यात तू तिच्या पाठीला हात लावलेला असायचा. ते म्हणाले, आ लोको आवुं क्यांथी शीख्या? मला सांगावंसं वाटलं, साहेब, भिंतीकडून. त्यांच्या शाळेला हिरवंगार मैदान, टर्फ, स्विमिंग पूल, काय नाही, आणि आमच्या शाळेला एक भिंत.

पण ते वळण, मनू. सगळा भार त्या एका पायावर येतो. मातीवर पाय थोडा घसरतो, तेवढी सुटका होते. तिकडे मॅट असणार आणि मॅटवर बूट धरून ठेवतो, वरचं अंग फिरतं आणि खालचं पाऊल तिथेच राहतं, मग मधे जे असतं त्यानं काय करायचं? डॉक्टरांनी प्लास्टिकचं मॉडेल हातात घेऊन दाखवलं होतं ना, आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलंय, फाटलेलं नाही, आणि खेळणाऱ्या मुलींनी या वयात गुडघा जपायला हवा म्हणून. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी त्या मॉडेलकडेच बघत होतो.

बघ, लिहिणार नव्हतो.

बरं दुसरं. जानेवारीत, 2025 च्या, आपण सगळे वर्ल्ड कपची फायनल बघत होतो ते आठवतं? दिल्लीतली, आपल्या मुली आणि नेपाळ. 78-40. आजीला आधी वाटलं खो-खोचा वर्ल्ड कप म्हणजे तूच थापा मारतेस, मग शेवटी शेवटी ती नेपाळच्या पोरींसाठी हळहळायला लागली, बिचाऱ्या किती पळतायत म्हणून. त्या टीममध्ये आपल्या गुजरातची एकच, डांगची ओपिना भिलार. तू तेव्हा काही बोलली नाहीस, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्वतःहून उठायला लागलीस, ज्या मुलीला उठवायला आईला रोज पंखा बंद करावा लागायचा ती. आईनं मला खुणेनं दाखवलं, म्हणाली बोलू नका काही, नजर लागेल. डांगच्या आदिवासी गावातली पोरगी वर्ल्ड कप खेळते म्हटल्यावर शाळा किती लहान, गाव किती लांब, हे सगळं बोलायचं कामच संपलं. तुमच्या टीममध्ये पण डांगची एक आहे ना, केस बारीक कापलेली, तिच्याशी मैत्री कर. ती प्लॅटफॉर्मवर एकटीच पिशवीवर बसली होती, तिच्या घरचं कोणी नव्हतं.

तुला इंग्लिश मिडियममध्ये का नाही घातलं हे आत्या अजून दर दिवाळीला विचारते. मी हसून सोडून देतो. खरं सांगायचं तर फी नव्हती, हे काय तिला माहीत नाही का. पण नुसतं तेवढंच पण नाही ग. ग्रांटेड म्हणजे सरकारी अनुदानावरची शाळा, वर्गात तीसेक पोरं, सरांना प्रत्येकाच्या घरचं माहीत. नानाकाका गेले तेव्हा बेन घरी येऊन बसल्या होत्या, तुझी वही घेऊन, की चार दिवसांचं गणित बुडलंय ते इथेच करून घेऊ. मोठ्या शाळेत असं होतं का मला माहीत नाही. शाळा अशी लहान असली की कार्यक्रमाला माणसं कमी पडतात, मग तेच तेच पोर नाटकात, तेच सूत्रसंचालनाला, तेच खो-खोला आणि तेच विज्ञान प्रदर्शनाला. आई वैतागायची, एकच पोरगी किती ठिकाणी. पण त्यानंच तू अशी झालीस ना, कुठे पण उभं केलं तर उभी राहतेस.

2024 च्या पुरानंतरचं तुमचं मॉडेल अजून माळ्यावर आहे, आई टाकू देत नाही. पारदर्शक नळी म्हणजे विश्वामित्री, मोठी सिरिंज म्हणजे आजवा तलावातून सुटणारं पाणी, आणि काळ्या घोड्याच्या पुलाची पट्टी कागदाची, 26 फुटांवर लाल रेघ. पाणी रेघेला टेकलं की दादाच्या जुन्या सायकलची घंटा वाजायची. त्या ऑगस्टमध्ये खरी नदी 35 च्याही वर गेली होती आणि आत्याच्या सोसायटीत मगर शिरल्याचे व्हिडिओ फिरत होते, दुकानात माझ्या गुडघ्याएवढं पाणी होतं, बघ परत गुडघा आला. एसव्हीएसच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, गणित-विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी तुला विचारलं, बधुं बराबर छे, पण मगर क्यां छे? आणि तू गंभीर चेहरा करून म्हणालीस, साहेब, ती पाणी ओसरल्यावर दिसते. सगळे हसले. जिल्ह्यापर्यंत गेलं ते मॉडेल. मला वाटतं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही मुलगी आपल्यापेक्षा पुढे जाणार, आणि मी बाजूला उभा राहून घंटेचे सेल बदलत होतो.

आणि आत्ताचा स्वयं शिक्षक दिन. आत्याची निळी साडी, केसांचा अंबाडा, सहावीला अपूर्णांक शिकवायला गेलीस. पोरं ऐकत नव्हती तर भाकरवडीचं पाकीट फोडून वाटण्या केल्यास. साडीखाली पट्टी बांधलेली होती आणि तू जिन्यावरून एक एक पायरी उतरत होतीस, कोणाला कळू नये म्हणून पोरांशी गप्पा मारत. मला कळलं.

आता त्या नवरात्राचं पण बोलूनच टाकतो, आलंच आहे तोंडावर. डॉक्टर सहा आठवडे म्हणाले होते. सहा आठवडे म्हणजे काय ते बडोद्यात नवरात्र आलं की सगळे विसरतात, मान्य, पण तू मला सांगितलंस मी नुसती बसून बघणार, आणि तिसऱ्या दिवशी मला दुकानात गिऱ्हाईकानंच व्हिडिओ दाखवला, काका आ तमारी मनू नथी? चणिया चोळी, मधल्या गोलात, आणि काय ते गरगर फिरणं. सुंदर फिरत होतीस, ते पण खरं. मी गिऱ्हाईकाला म्हटलं हो आमचीच आहे, आणि पैसे घ्यायला विसरलो. रात्री घरी आलो तेव्हा जे बोललो ते बोललो.

मी तुझ्याएवढा असताना मल्लखांबावरून पडलो होतो, कोपर, डावं. आप्पा मला दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात घेऊन गेले. तिथे कुस्ती, मल्लखांब आणि वर हाडंसांधे बघायची परंपरा, अर्धं बडोदं तिथे लंगडत जायचं आणि चालत यायचं. तेलाचा वास अजून नाकात आहे. त्यांनी कोपर हातात घेतलं, बोलत बोलत अंदाज घेतला, आणि आप्पांना म्हणाले मुलगा ठीक आहे, पण याला घाई आहे. आप्पांनी मला नंतर पूर्ण पावसाळा मल्लखांबाला हात लावू दिला नाही. मी इतका रागावलो होतो की त्यांच्याशी जेवताना बोलायचो नाही. आणि मग पावसाळा संपल्यावर मी स्वतःच गेलो नाही परत. हे मी कोणाला सांगितलं नाहीये, आप्पांनाही नाही, त्यांना वाटत राहिलं त्यांनीच माझा खेळ बंद केला. म्हणून मी तुला थांबवत नाहीये, समजलं ना? थांबवायचं असतं तर तेव्हाच थांबवलं असतं, फॉर्मवर सही माझीच लागते.

अभ्यासाचं. फेब्रुवारीच्या शेवटी बोर्ड, आणि तू परत येशील तोवर प्रिलिमला दिवस किती उरतील ते तूच मोज. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सायन्सची वही आईनं ठेवलीय, रासायनिक समीकरणं बाकी आहेत, ती गाडीत होण्यासारखी आहेत, गाडीत नाहीतरी काय करता तुम्ही, रील बघता. सोशल सायन्स पाठ करायचा विषय आहे तो शेवटी करता येतो पण गणित रोज हवं, एक दिवस सुटलं की हात जातो, आणि खेळाडू मुलं अभ्यासात मागे हे लोकांना बोलायला निमित्तच हवं असतं, आत्या तर म्हणतेच की तिकडे पुण्याला दहावीत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, इकडे काय. तर आपण आपल्या मार्कांवर उभं राहायचं. एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आलीस ना तू, महिन्याला हजार रुपये सरकार उगाच देत नाही कोणाला, मग तेच डोकं

झालं, सुरू झालो. सॉरी. हे सगळं खोडणार होतो पण असू दे, पुढच्या वेळी फोनवर तेवढं कमी बोलेन. ते एनएमएमएसचे पैसे मात्र जसेच्या तसे खात्यात आहेत, फक्त नीकॅपचे त्यातून घे असं आई म्हणाली होती, मी नाही घेतले. ते माझ्याकडून.

नीकॅप मोठ्या साइजचा आणलाय, आतून पट्टी बांधून वर घालायचा. पट्टी गुडघ्याखालून सुरू करायची, वरून नाही, आणि फार घट्ट नाही, बोट आत गेलं पाहिजे. मॅच संपल्यावर बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, टॉवेलवरून. बर्फ मिळाला नाही तर हॉटेलवाल्याकडे माग, लाजू नको. सुजला तर मॅडमना सांग. मॅडमना सांगायचं नसेल तर डांगच्या त्या मुलीला सांग, कोणाला तरी सांग. दुखतं तेव्हा तू जास्त हसतेस, तुला माहीत आहे का हे? पाच वर्षांची होतीस तेव्हा कमाटी बागेत घसरगुंडीवरून पडलीस, ढोपर सोलवटलेलं, आणि तू हसत आलीस आणि म्हणालीस बाबा, मला काही झालं नाही, टॉयट्रेनमध्ये बसू या. आम्हाला घरी येऊन फ्रॉक काढल्यावर रक्त दिसलं. तुझ्या हसण्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

बसवून ठेवलं मॅडमनी तर ठेवू देत. म्हणजे तसं नको व्हायला, मला पण तुला टीव्हीवर, यूट्यूबवर, कुठेही पळताना बघायचंय, मी दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर लावणार आहे आणि समोरच्या घड्याळवाल्या काकांना बोलावून ठेवलंय. आजीनं आतापासून देवापुढे साखर ठेवलीय. मला सगळं एकदम हवंय, तू खेळावंस पण आणि तू उतरून नीट चालत यावंस पण. खांबाशी ते तुमचं वळण घेऊ नकोस असं लिहिणार होतो. मग विचार केला, ते काढून घेतलं तर तुझ्या खेळात त्या मोठ्या शाळेवाल्या पोरींपेक्षा वेगळं राहिलं काय. तिकडे भिंत नाहीये, दोन पावलं मिळतील. जिथे जमतील तिथे घे. जिथे समोरची हातातून जातेय असं वाटेल तिथे तू काय करशील ते मला माहीत आहे, लिहून काय उपयोग.

सरांचं एक. ते काल स्टेशनवर आले नाहीत म्हणून तू खट्टू झालीस ना, आज भेटले मला शाळेत. खेल सहायकाचा अकरा महिन्यांचा करार, पुढच्या वर्षी इथेच असतील की नाही त्यांनाच ठाऊक नाही, त्यात तुमच्या टीमबरोबर जायला त्यांचं नाव कुठे येणार, राज्याचे कोच वेगळे. मी गुडघ्याचं बोललो तर म्हणाले, काका, एने कशुं नहीं थाय, ए पडतां शीखेली छे. पडायचं शिकलीय. मग स्वतःच विचारलं, नीकॅप दिलाय ना? म्हटलं दिलाय. मग परत विचारलं, जाड दिलाय का पातळ? तेव्हा बरं वाटलं, आपण एकटेच नाही.

तर त्यांना रोज स्कोअर पाठव, आठवणीनं, मॅच संपली की लगेच, कोणत्या मिनिटाला कोण आउट झालं तेसुद्धा, त्यांना तसं आवडतं. मला नाही पाठवलास तरी चालेल, मी त्यांच्याकडून घेईन.

तुझा
बाबा

ता.क. आई म्हणतेय केस धुवू नकोस तिकडे, थंडी आहे. आणि दादाचे मोजे तू नेलेस का, तो शोधतोय.